शब्दांची विचारपूस: दोन कँडी, एक खंडी

प्रश्न : बाजारभावाच्या पानावर रुईचा दर ‘कँडी’त छापतात. मुलं खातात त्या कँडीशी याचा काय संबंध? आणि एक कँडी म्हणजे किती?
– एक वाचक, आटपाडी

उत्तर : इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, पण दोन्ही आपल्याकडूनच गेलेत.

रुईची कँडी म्हणजे आपली खंडी. पोर्तुगीज तिला ‘कांदिल’ लिहीत. खंडी वीस मणांची आणि मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे ५६० पौंड. मद्रासेकडे २५ पौंडी मणाने ती ५०० भरे. कापसाची मुंबई खंडी मात्र २८ मणांची, म्हणजे ७८४ पौंड. रुईच्या व्यापारात आजही तीच चालते : ३५५.६२ किलो.

खरी फसगत भाव लावताना होते. समजा, कँडीला ५६,००० रुपये दर छापला आहे. त्याला ३.५५६२ ने भागा. क्विंटलला १५,७४७ रुपये येतात. हा आकडा वाचून कापूस विकायला निघू नका. तो सरकी काढलेल्या रुईचा भाव आहे. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो. ३४ किलो धरली तर ती सुमारे ५,३५० रुपयांची झाली. त्यात सरकीचे पैसे मिळवा, जिनिंगचा, म्हणजे सरकी वेगळी करण्याचा, खर्च वजा करा, मगच आपल्या कापसाशी ताडा.

खायच्या कँडीचा रस्ता निराळा. संस्कृत ‘खण्ड’ म्हणजे तुकडा, आणि खडे झालेली साखरही. फारसी-अरबीत त्याचं ‘कंद’ झालं, फ्रेंचमध्ये ‘स्युक्र कांदी’, तिथून इंग्रजीत ‘शुगर कँडी’. पुढची ‘शुगर’ गळाली (तीही आपलीच, ‘शर्करा’). ‘कँडी’चा मूळ अर्थ बघायचा तर सांगलीच्या पेठेतून दोऱ्याची खडीसाखर आणा. घट्ट पाकात दोरे सोडून तो सावकाश निववतात, की दोऱ्याला खडे धरतात. भांडं हललं किंवा पाक झटकन गार झाला, तर मोठे खडे न होता बारीक रवा पडतो. फोडलेल्या खड्यातून दोरा बाहेर येतो. ‘खण्ड’ तो हाच.

कोशकार खंडीलाही ‘खण्ड्’, तोडणे, याच धातूशी जोडतात. तेव्हा नातं आहे, पण फार दूरचं. ‘कँडल’ आणि ‘कँडिड’ मात्र या घरातले नव्हेत; ते चकाकणे, पांढरं असणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले.