लातूरहून अरोरा दिसू शकतो का? आणि साध्या दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग कसे पाहायचे?

तुमच्या प्रश्नाचा सारांश मी असा घेतला: लडाखमध्ये अरोरा, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, दिसला, सूर्य खवळलाय असं बातम्यांत येतं, तर लातूरच्या गच्चीवरून काही दिसेल का? आणि घरात पडून असलेली ६० मिमीची दुर्बीण सूर्याकडे लावता येईल का?

अरोराचं आधी सांगून टाकतो. लातूरहून तो दिसणार नाही, असंच धरून चाला. डागांचं मात्र अगदी उलट. ते पाहायला मराठवाड्यासारखी जागा शोधून सापडायची नाही, आणि अरोराची सगळी भानगड सुरू होते ती त्या डागांपासूनच. मी परभणीत राहतो. माझी दुर्बीणही छोटीच आहे, आणि ती रात्रीपेक्षा दिवसाच जास्त बाहेर निघते.

अरोरा इथून का नाही, ते अंतराच्या हिशेबानं बघा. सूर्याकडून आलेल्या कणांच्या लोंढ्यानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं, त्या गडबडीत वेग घेतलेले इलेक्ट्रॉन ध्रुवांच्या बाजूला वरच्या विरळ हवेवर आदळतात आणि ती हवा उजळते. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किमी उंचीवर असतो, तांबडा २०० किमीच्याही वर. उंच असल्यामुळे तांबडाच लांबून दिसतो. पण ४०० किमी उंचीवरचा प्रकाशसुद्धा फार तर सव्वादोन हजार किमीवरून दिसेल, तोही क्षितिजाला टेकलेला. लातूरपासून सरळ उत्तरेला एवढं अंतर मोजा. काश्मीर ओलांडून तुम्ही चीनमधल्या यारकंदच्या आसपास पोचता. म्हणजे यारकंदच्या डोक्यावर अरोरा पेटला, तर लातूरला क्षितिजाशी जरा लाली दिसण्याची शक्यता. आणि आपल्या क्षितिजावर धूळ किती असते ते तुम्हाला माहीतच आहे.

१० आणि ११ मे २०२४ चं चुंबकीय वादळ जी-५ म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं होतं. त्या श्रेणीचं आधीचं वादळ ऑक्टोबर २००३ मधलं. मे २०२४ च्या त्या रात्री लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबूस प्रकाश टिपला. हानले सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, गडद अंधाराच्या प्रदेशात आहे. तिथेही तो क्षितिजाशीच होता.

याच वादळात आणखी एक गंमत झाली. कॅरिबियन समुद्रातलं पोर्तो रिको हे बेट जवळपास लातूरच्याच अक्षांशावर, १८ अंशांवर आहे. तिथल्या हौशी लोकांच्या कॅमेऱ्यात तांबूस प्रकाश आला. मग लातूरनं काय घोडं मारलंय? कारण असं की अरोराला नकाशावरचे अक्षांश कळत नाहीत, त्याला चुंबकीय अक्षांश, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या हिशेबानं मोजलेले, लागतात. पृथ्वीचा चुंबकीय अक्ष अमेरिकेच्या बाजूला कललेला आहे. त्यामुळे पोर्तो रिकोचा चुंबकीय अक्षांश २५ च्या वर जातो, हानलेचा साधारण २४ भरतो आणि लातूरचा जेमतेम १० उरतो. या बाबतीत आपण नकाशावर दिसतो त्याहून बरेच दक्षिणेला आहोत.

तरी ‘कधीच नाही’ असं मी म्हणणार नाही, कारण इतिहासात मुंबईचं उदाहरण आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईहून अरोरा दिसल्याची नोंद तिथल्या तेव्हाच्या वृत्तपत्रात आहे, आणि मुंबईचा चुंबकीय अक्षांशही साधारण आपल्याएवढाच. त्याआधी सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लानं (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरलेलं नोंदलं गेलं. ते वादळ किती मोठं होतं हे ठरवताना आजही जगभरचे अभ्यासक ही नोंद काढतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमापांचं काम अलिबागला हलवलं, ते अजून तिथे चालू आहे. अरोरा बघायला आपण नॉर्वेची स्वप्नं बघतो, पण त्याच्यामागच्या वादळाच्या इतक्या जुन्या नोंदी कोकणकिनाऱ्यावर आहेत, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं.

एक सूचना इथेच करतो. मोठं वादळ आलं की ‘आमच्या गावात अरोरा’ असे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. ऊसपट्ट्यात राहत असाल तर आधी बघा, कुठे पाचट पेटवलंय का, कारखान्याचा गळीत हंगाम चालू आहे का. धुळीत पसरलेले कारखान्याचे दिवे आणि मोबाइलचा नाइट मोड एकत्र आले की कुठलंही क्षितिज लालभडक होतं.

आता डागांकडे येऊ, कारण तुमच्या हाताशी जे आहे ते इथे कामाला येतं.

सुरुवात डोळ्यांपासून करा, म्हणजे ते शाबूत ठेवण्यापासून. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, एकावर एक घातलेले गॉगल यांतलं काहीही चालत नाही. ग्रहणात परातीतल्या पाण्यात सूर्य बघायची आपल्याकडची पद्धतही सोडून द्या. सूर्य डोक्याजवळ असताना पाणी साधारण २ टक्के प्रकाश परत फेकतं. सूर्यासाठीची चांगली फिल्म एक लाखांश भागच आत सोडते. म्हणजे परातीतला सूर्य फिल्ममधल्या सूर्याच्या दोन हजार पट प्रखर असतो. वेल्डिंगची काच चालते, पण ती १४ नंबरचीच हवी. दुकानात बहुधा १० किंवा ११ नंबरची पुढे करतात आणि ‘तेच आहे, घ्या’ म्हणतात. ते तेच नसतं.

२०१९ किंवा २०२२ च्या ग्रहणात घेतलेला चष्मा घरात असेल, तर उजेडासमोर धरून त्याला चरे किंवा भोकं नाहीत ना ते तपासा. त्यावर आयएसओ १२३१२-२ असं छापलेलं असायला हवं. चष्मा ठीक असेल तर त्यातून, दुर्बिणीशिवाय, मोठे डाग दिसतात. मे २०२४ चं वादळ ज्या डागांच्या गटातून आलं, तो ३६६४ क्रमांकाचा गट पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे १५ पट लांब होता. चष्म्यातून तो सूर्यावर बसलेल्या माशीसारखा दिसत होता. एवढे मोठे गट रोज नसतात, पण पृथ्वीच्या तीन-चार पट मोठा डाग असला तरी चांगल्या नजरेला तो सापडतो. हा चष्मा घालून दुर्बिणीत मात्र कधीही बघू नका. दुर्बीण ऊन गोळा करते आणि चष्मा क्षणात जळतो.

तुमच्या ६० मिमीच्या दुर्बिणीला माझं पहिलं मत प्रक्षेपणाला, म्हणजे सूर्य कागदावर पाडून बघण्याला. गॅलिलिओच्या काळात, १६१२ च्या सुमाराला, हीच पद्धत वापरून डागांची चित्रं काढली गेली. दुर्बीण भिंगांची असेल तरच हे करा. बंद नळीच्या आरशांच्या दुर्बिणीत आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि भाग खराब होतात. सोबत आलेला सूर्याचा काळा फिल्टर, जो नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, पेचानं बसतो, तो आजच फेकून द्या. गोळा झालेलं सगळं ऊन त्याच्यावर पडतं, तो तडकतो, आणि तडकतो तेव्हा तुमचा डोळा मागेच असतो. नेम धरायला वर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवर टोपण घाला, नाहीतर ती तुमचा शर्ट किंवा कान भाजते.

नेम धरायला वर बघावं लागत नाही. दुर्बिणीच्या नळीची सावली जमिनीवर बघत राहा. ती आखडत अगदी लहान, गोल झाली की सूर्य नळीत आला. नेत्रिका कमी शक्तीची आणि काचेची हवी. स्वस्त संचातली प्लास्टिकची वितळते. मागे पांढरा कागद धरून जवळ-लांब करा, चकती १५ सेंमीची झाली की थांबा. साध्या दुर्बिणीत ते अंतर साधारण हातभर येतं. कागदावर सावली पडावी म्हणून नळीवर पुठ्ठ्याची चौकट अडकवा. डाग कुठला आणि नेत्रिकेवरची धूळ कुठली असा संशय आला, तर दुर्बिणीला हलकासा धक्का द्या. सूर्याबरोबर हलतो तो डाग. आणि दुर्बीण सूर्याकडे रोखलेली ठेवून चहाला आत जाऊ नका, विशेषतः घरात लहान पोरं असतील तर.

फिल्मचा फिल्टर घेतला तर चित्र जास्त रेखीव येतं. तो नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्यानं उडणार नाही असा घट्ट बसवायचा. डागाचा काळा गाभा आणि भोवतीची करडी किनार तेव्हा वेगळी दिसते. डाग काळे दिसतात ते फक्त तुलनेनं. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असतं, डागाच्या गाभ्याचं त्याहून हजार-दोन हजार अंश कमी. तिथलं तीव्र चुंबकीय क्षेत्र खालून वर येणारी उष्णता अडवून धरतं.

दुर्बीण नसेल त्यांनीही हिरमुसू नये. पत्र्याच्या भोकातून जमिनीवर पडणारा गोल कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा असते. भोकापासून दर मीटरला ती सुमारे ९ मिमीनं वाढते. डाग त्यात दिसणं कठीण, पण ग्रहणात ते सगळे कवडसे कोरीसारखे होतात.

वेळ कुठली? सकाळी साधारण ८ ते १०. नंतर जमीन तापते आणि चकतीची कड उकळल्यासारखी थरथरते. पत्र्याच्या शेजारी किंवा सिमेंटच्या स्लॅबवर हे लवकर सुरू होतं. माझ्या घराचा अर्धा भाग जुना, माळवदाचा आहे. तिथे मला स्लॅबपेक्षा बराच उशिरापर्यंत स्थिर सूर्य मिळतो. जमिनीवरच उभं राहायचं तर गवत किंवा हिरवं रान पुढे असलेली जागा बघा. परतीचा पाऊस संपल्यानंतरचे आठवडे सगळ्यात चांगले, हवा धुतलेली असते. मे महिन्यात धूळ आणि उष्णता दोन्ही. तरीही वर्षातले सात-आठ महिने आपल्याला रोजच्या रोज सूर्य मिळतो. अरोराच्या प्रदेशातल्या निरीक्षकाला हिवाळ्यात तो क्षितिजावर यायचीही वाट बघावी लागते.

आता मला ज्यात खरा रस आहे ते सांगतो. एकदा डाग बघून ‘अरे वा’ म्हणून सोडून देऊ नका, रोज चित्र काढा. कागदावर १५ सेंमीचं वर्तुळ आखून ठेवा, चकती त्यात बसवा आणि डागांवर पेन्सिल टेकवा. दुर्बीण न हलवता थांबलात तर चकती ज्या बाजूला सरकते ती पश्चिम, तिथे खूण करा. दोन-तीन दिवसांत डाग सरकलेले दिसतील. पूर्व कडेवर उगवलेला गट साधारण तेरा दिवसांत पश्चिम कडेला मावळतो, आणि टिकला तर तेवढ्याच दिवसांनी पुन्हा पूर्वेला हजर होतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे पुस्तकात वाचणं आणि स्वतःच्या वहीत बघणं यात फार फरक आहे.

डाग मोजायची रीत स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फची, १८४८ पासूनची. गटांची संख्या गुणिले १०, अधिक सुट्या डागांची संख्या. तीन गट आणि त्यांत मिळून १७ डाग असतील तर ४७. तुमचा आकडा बेल्जियमच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या रोजच्या आकड्याशी जुळणार नाही, कारण छोट्या दुर्बिणीला बारीक डाग सुटतात. पण दोघांचे चढउतार सोबत चालतात का, ते बघण्यात मजा आहे.

डाग वाढून पुन्हा कमी होण्याच्या साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्याला सौरचक्र म्हणतात. चालू सौरचक्र २५ वं, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेलं. त्याचा कळस २०२४ मध्ये येऊन गेला. ‘मग आता उशीर झाला’ असं समजू नका. २००३ ची मोठी वादळं त्या चक्राच्या कळसानंतर आली होती. उतरत्या काळात डाग सूर्याच्या विषुववृत्ताजवळ येत जातात, तेही तुमच्या वहीत दिसेल.

अरोराशी याचा संबंध असा लावायचा. एखादा वेडावाकडा, एकाच किनारीत अनेक गाभे अडकलेला गट चकतीच्या मध्याजवळ आला की त्या आठवड्यात लक्ष ठेवा. तिथे स्फोट झाला तर त्याचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोचतो. कणांचा ढग मागून येतो, बहुधा एक ते तीन दिवसांनी. १८५९ चा ढग अठराएक तासांतच आला होता. ढग आला म्हणजे वादळ होतंच असं नाही. त्याच्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तरच पृथ्वीचं कवाड नीट उघडतं. घरात जुना शॉर्टवेव्ह रेडिओ असेल तर दिवसा लावून ठेवा. मोठा स्फोट झाला की स्टेशनं अचानक बसतात आणि काही वेळानं परत येतात. सूर्यावरच्या घडामोडीचा एवढा थेट परिणाम लातुरात बसून अनुभवायचा दुसरा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

फिल्म किंवा चष्मा घेणार असाल तर जपून ठेवता येईल असा घ्या. २ ऑगस्ट २०२७ ला दुपार उतरताना मराठवाड्यातूनही खंडग्रास सूर्यग्रहण आहे. फक्त ती आषाढातली अमावस्या आहे, ढगांचा भरवसा देता येत नाही.