बेथसैदाचा आंधळा आणि तुझा प्रश्न

नाशिक

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

तरुण संघात तुला कोणीतरी सर्वांसमोर विचारलं, "चमत्कार खरे घडले की नुसती प्रतीकं आहेत? एक काय ते सांग." तेव्हा तू गप्प राहिलीस, असं तुझ्या पत्रावरून कळलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सगळ्या चमत्कारांना मिळून एकच उत्तर असतं, असं मलाही वाटत नाही. प्रत्येक गोष्ट आधी नीट वाचावी लागते, आणि तेच होत नाही. सगळ्यांना आधी बाजू घ्यायची घाई.

मार्कच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढ, बाविसावी ओवी. बेथसैदात लोक एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, "तुला काही दिसतं का?" तो माणूस वर बघतो. त्याला माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशूला पुन्हा हात ठेवावे लागतात, तेव्हा कुठे त्याला स्पष्ट दिसू लागतं. चारही शुभवर्तमानांत अशा दोन टप्प्यांत झालेलं एवढं एकच बरं करणं आहे. मत्तय आणि लूक ही गोष्ट घेतच नाहीत.

आता लगेच पुढे वाच. काही ओव्यांनंतर येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, "आपण ख्रिस्त आहात." बरोबर उत्तर. पण येशू आपल्या दुःखसहनाबद्दल बोलू लागताच हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. म्हणजे पेत्रालाही अर्धवटच दिसलेलं आहे, माणसं झाडांसारखी. दहाव्या अध्यायाच्या शेवटी यरीहोच्या रस्त्यावर दुसरा आंधळा भेटतो, बार्तीमय. त्याला दृष्टी येते आणि तो येशूच्या मागे वाटेने चालू लागतो. पुढचाच मुक्काम यरुशलेम. या दोन आंधळ्यांच्या मध्ये मार्कने तीनदा वधस्तंभाचं भाकीत ठेवलं आहे आणि तिन्ही वेळा शिष्यांना ते कळलेलं नाही. ही मांडणी योगायोगाने झाली, असं मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

म्हणजे ही गोष्ट प्रतीकात्मक आहे? हो, उघडच. पण नुसतं प्रतीकच हवं असतं, तर पहिल्या प्रयत्नात अर्धवट राहिलेलं बरं करणं कोणी मुद्दाम रचलं असतं का? ती थुंकी, तो दुसरा प्रयत्न, प्रभूला कमीपणा आणणारे वाटतील असे हे तपशील कोणाच्या तरी आठवणीतून आले असावेत, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि मला त्यांचं म्हणणं वजनदार वाटतं. एकाच गोष्टीत दोन्ही आहे. एक निवडायला लावणारा प्रश्न इथे लागूच पडत नाही.

हा वाद जुना आहे, त्याचा थोडा इतिहास माहीत असू दे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत पाउलुस नावाचे प्राध्यापक प्रत्येक चमत्काराचं नैसर्गिक स्पष्टीकरण देत. येशू पाण्यावर नव्हे, किनाऱ्यावरून चालत होता. पाच हजारांना भाकरी पुरल्या, कारण लोकांनी जवळचं अन्न बाहेर काढून वाटून घेतलं. १८३५ मध्ये स्ट्राउस या जर्मन अभ्यासकांनी पाउलुसना आणि परंपरावाद्यांनाही एकदमच खोडून काढलं. दोघंही 'नेमकं काय घडलं' याच्याच मागे लागले आहेत, या कथा इस्राएलच्या जुन्या आशेच्या भाषेत घडल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी त्यांची नोकरी गेली. १९४१ मध्ये रुडॉल्फ बुल्टमान या नव्या कराराच्या जर्मन अभ्यासकांनी तर विचारलं की विजेचा दिवा आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाने नव्या करारातल्या भुताखेतांच्या जगावर विश्वास ठेवायचा कसा? पण एक लक्षात ठेव, बुल्टमान या कथा फेकून द्या म्हणत नव्हते. त्या माणसाला आज कोणता निर्णय घ्यायला लावतात, ते उलगडा, असं ते म्हणत. त्यांना न वाचताच शिव्या घालणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तू त्यांच्यात जाऊ नकोस.

पाउलुसचं ते 'वाटून खाल्लं' आपल्या व्यासपीठांवरूनही ऐकू येतं. ऐकायला गोड आहे, पण मला ते मुळीच पटत नाही. लपवलेल्या अन्नाचा मजकुरात मागमूस नाही. योहान सांगतो की जेवल्यावर लोक येशूला बळजबरीने राजा करायला निघाले आणि तो एकटाच डोंगरावर निघून गेला. डबा वाटून खाल्ला म्हणून कोणी कोणाला राजा करत नाही. त्याने भाकर घेतली, उपकारस्तुती केली, मोडली, दिली. प्रभुभोजनात आपण जे ऐकतो तेच हे. देवाने रानात इस्राएल लोकांना आकाशातून दिलेलं अन्न, तो मान्नाही मागे उभा आहे. ते सगळं पुसून त्याची चांगल्या वागणुकीची बोधकथा करणं हे प्रतीकात्मक वाचन नव्हे.

पुनरुत्थानाच्या बाबतीत मात्र मी तुला सैल सोडणार नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असं प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात स्पष्ट लिहिलं आहे. पानेनबर्ग यांच्यासारखा कसलेला जर्मन धर्मविचारवंत विसाव्या शतकात पुनरुत्थानाला इतिहासातली घटना म्हणून मांडत होता. 'शिष्यांच्या मनात आशा जागी झाली' एवढ्यावर मी थांबू शकत नाही. मनात आशा जागी झालेली माणसं काही दिवसांत थकतात.

पण हा वाद पुस्तकांपुरता नाही. आपल्या मंडळीतल्या एका बाईंनी चंगाई सभेहून आल्यावर इन्सुलिन बंद केलं होतं. "विश्वास आहे तर सुई कशाला," असं व्यासपीठावरून सांगितलं होतं म्हणे. मी दवाखान्यात गेलो तेव्हा सलाईन चालू होतं आणि त्या मला एकच विचारत होत्या, "भाऊ, माझा विश्वास कमी पडला का हो?" मी त्यांना पौलाच्या शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे त्याला छळणाऱ्या त्रासाबद्दल, वाचून दाखवलं. त्याने तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? चमत्काराचं प्रदर्शन करून लोकांना फसवणं आणि त्यावर पैसा कमावणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. ख्रिस्ती व्यासपीठ त्यातून सुटलेलं नाही, आणि सुटूही नये.

तरीही फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत मेणबत्त्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं पाहिलीस तर त्यांना भोळी म्हणू नकोस. हिंदू, ख्रिस्ती सगळेच असतात. कोणाचं मूल आजारी असतं, कोणी नवस फेडायला आलेलं असतं. शुभवर्तमानातही येशूकडे अशीच माणसं आली, आणि त्याने त्यांची परीक्षा घेतली नाही. दुसरीकडे, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना, आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंच्या यजमानांना, ख्रिस्ताकडे ओढलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने. माणसं वेगवेगळ्या दारांनी आत येतात. कोणतंही दार बंद करायचा अधिकार तुला किंवा मला नाही.

पुढच्या बैठकीत वाद घालू नकोस. मार्क ८:२२ पासून १०:५२ पर्यंत सगळ्यांना मोठ्याने वाचायला लाव, मध्ये कोणी बोलायचं नाही. मग विचार, पेत्राला काय दिसत नव्हतं? "शब्दशः खरं की नाही" असं कोणी विचारलं तर तुझं जे मत असेल ते न घाबरता सांग, आणि "अजून ठरत नाही" हेच मत असेल तर तेही सांग. पाळकसाहेबांना आधी कळवून ठेव, त्यांना बाहेरून कळायला नको. रविवारी उपासनेनंतर घरी ये. येताना पहिलं करिंथकर, पंधरावा अध्याय वाचून ये, त्यावर मला तुझ्याशी सविस्तर बोलायचं आहे.

तुझा,
काका