केळीच्या बागेतली यंत्रं

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. कॉलेजच्या अंकासाठी विज्ञानकथा लिहितेय. साल २०८०. केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणू संपवणारी नॅनोयंत्रं, म्हणजे डोळ्याला न दिसणारी अतिसूक्ष्म यंत्रं, बागेत फवारतात. ती आपल्यासारखी आणखी यंत्रं तयार करत सुटतात आणि सातपुड्यापर्यंत सगळं फस्त करतात. हे विज्ञानाला धरून आहे का? आणि अशा यंत्रांवर कायदा कसा चालवायचा?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : सीएमव्ही निवडलास हे फार बरं केलंस. पानावर पिवळट रेघा उमटल्या, पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडायला लागला, की झाड उपटून नष्ट करण्यावाचून आजही इलाज नाही. तोवर मावा या किडीने रोग शेजारच्या ओळीत नेलेला असतो. तुझ्या यंत्रांना काम अगदी खरं आहे.

आता मापं बघ. हा विषाणू साधारण ३० नॅनोमीटरचा; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड. विषाणू ओळखून तोडणारं यंत्र त्याच्याहून मोठंच लागणार. ते १ हजार नॅनोमीटरचं, म्हणजे जिवाणूएवढं धरू. त्या मापाला पाणी काकवीसारखं घट्ट लागतं, रेणूंचे धक्के सारखे बसतात आणि दोन पृष्ठभाग जवळ आले की चिकटतात. दाते-चाकांचं यंत्र तिथे चालायचं नाही. पेशीतल्या प्रथिनांसारखं मऊ, लवचिक काहीतरी कल्पून लिही.

संख्येचा हिशोब मात्र खरंच धडकी भरवणारा आहे. पाण्याइतक्या घनतेचं असं एक यंत्र दर तासाला दुप्पट होत गेलं, तर २४ तासांत १ कोटी ६७ लाख होतील, पण दिसायला एक बारीक कण. ४८ तासांत वजन २८० ग्रॅम. ६० तासांत टनाच्या वर! पण टनभर यंत्रांना टनभर कच्चा माल हवा, आणि तो रेणू-रेणू जोडायला ऊर्जा हवी. केळीच्या रसातली साखर संपली की सगळं ठप्प. काही जिवाणू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतात. अब्जावधी वर्षांत त्यांनी पृथ्वी गिळलेली नाही. नॅनोतंत्रज्ञानाचे अमेरिकी अभ्यासक एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ मध्ये हीच भीती मांडली होती. पुढे २००४ मध्ये त्यांनीच लिहिलं, की अशी स्वतःच वाढणारी यंत्रं बनवण्याची गरजच नाही.

म्हणून सातपुडा वाचव आणि धोका बांधावर आण. परवानगी मिळणार गट नंबरला. यंत्रं मात्र मावा, वारा, पावसाच्या पाण्याबरोबर पलीकडे जाणार. शेजाऱ्याच्या घडात ती सापडली आणि त्याचा निर्यातीचा कंटेनर परत आला, तर भरपाई कोण देणार? यंत्र कोणत्या कंपनीचं, हे त्याने सिद्ध कसं करायचं? जिवाणूएवढं यंत्र साध्या सूक्ष्मदर्शकात ठिपक्यासारखं दिसेल, पण त्याची रचना बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. शेतकऱ्याने तो कुठून आणायचा? माझं ठाम मत आहे, की २०८० च्या कायद्यात तीन गोष्टी हव्यातच. प्रत्येक यंत्रावर बनवणाऱ्याची रासायनिक खूण, बाहेरून घातलेल्या एका रसायनाशिवाय यंत्र वाढूच नये अशी रचना, आणि तपासणी तालुक्याच्या गावी.

याची पायवाट आजच पडली आहे. युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांत नॅनो कण असतील तर तसं छापावं लागतं. आपल्याकडे शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं २०२० मध्ये आली. काळजीला कारणही आहे. कार्बनच्या लांब, ताठ, अतिसूक्ष्म नलिका उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉससारखा दाह करतात, हे २००८ मध्येच दिसलं होतं.

पण नियम कागदावर असणं वेगळं. बोंडअळीला तोंड देणाऱ्या, जनुक बदललेल्या बीटी कपाशीला २००२ मध्ये मान्यता मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला ती नाही, तरी ‘चोर बीटी’ची पाकिटं आपल्या भागात बिलाशिवाय विकली जातात. उगवण झाली नाही, तर बिलच नाही, तक्रार कशाच्या जोरावर करणार? तुझ्या कथेत एक ‘चोर नॅनो’ची बाटली येऊ दे. मान्यता मिळालेल्या यंत्राची नक्कल, फक्त त्या रसायनाशिवाय न वाढण्याची अट काढून टाकलेली. शेजारी विकत घेतो, कारण ती निम्म्या किमतीत मिळते आणि त्याची बाग पिवळी पडत चाललेली असते. तो वाईट माणूस नाही. त्याच्या बाजूनेही लिही.

प्रश्न : नॅनो युरियाच्या बाटलीत असली यंत्रं असतात का? आता गोणी बंद करू का?
— एक शेतकरी, चोपडा

उत्तर : भाऊ, यंत्रं नसतात; नत्राचे अतिसूक्ष्म कण असतात. गोणी मात्र बंद करू नका. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलोच्या वर नत्र असतं. अर्ध्या लिटरच्या ४ टक्क्यांच्या बाटलीत ते फक्त २० ग्रॅम; २० टक्क्यांची असली तरी शंभर-सव्वाशे ग्रॅम. पानातून कितीही चांगलं शोषलं गेलं, तरी केळीसारख्या खादाड पिकाची भूक त्यावर भागायची नाही. वापरून बघायचंच असेल तर जमिनीतली मात्रा तशीच ठेवून चार ओळींवर फवारा, शेजारच्या चार ओळी बिनफवारणीच्या ठेवा आणि कापणीला दोन्हीकडचे घड वेगवेगळे तोला. फवारताना तोंडाला मास्क लावा आणि बिल जपून ठेवा.