कडब्याची धूळ आणि पडलेला काउंट

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला ब्लड कॅन्सर झालाय, किमो सुरू आहे. घरी सोडताना दवाखान्यातून सांगितलं, गोठ्यात जायचं नाही, कडब्याला हात लावायचा नाही, घरातली तुळशीची कुंडीसुद्धा बाहेर ठेवा. छातीत बुरशी होईल. आमची पिढीजात ज्वारीची शेती. वीस वर्षं तो कडब्याच्या धुळीत वावरला, कधी साधा दमा नाही. तीच धूळ आज त्याला कशी बाधेल? आई तर तुळस हलवायला तयारच नाही.
— एक भगिनी, मंगळवेढा

उत्तर : ताई, धूळ तीच आहे, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. वीस वर्षं ती भावाच्या छातीत जातच होती आणि तिथे तिला रोज कुणीतरी संपवत होतं. किमोनंतर तो संपवणारा काही दिवस जागेवर नसतो.

गंजीच्या तळाची, पावसात भिजलेली पेंढी सोडली की करडा-हिरवट धूर उठतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्यात अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. एकेक 2 ते 3 मायक्रॉनचा. केसाच्या जाडीवर पंचवीसेक शेजारी शेजारी मावतील. इतके बारीक, की नाकातले केस आणि घशातला चिकटा चुकवून ते थेट फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांत, म्हणजे वायुकोशांत उतरतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणारे आम्हीसुद्धा ते रोज श्वासातून घेतोच. कुंडीतल्या मातीतही ते असतात.

वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम मुक्कामाला असतात. कोरड्या बीजाणूवर एक आवरण असतं, त्यामुळे तो त्यांच्या नजरेत येत नाही. ओलावा मिळाला की मात्र तो भिजत घातलेल्या मटकीसारखा फुगतो, साल फाटते आणि आतली बीटा-ग्लुकन नावाची साखर उघडी पडते. मॅक्रोफेजला ही साखर ओळखता येते. ती दिसली की बीजाणू गिळायचा आणि पोटात जिरवायचा. बहुतेक बीजाणू इथेच संपतात.

काही निसटतात आणि त्यांना मोड येतो. मोडाचा लांब तंतू होतो, तो एका पेशीला गिळता येत नाही. तेव्हा रक्तातून न्यूट्रोफिल धावून येतात. या पांढऱ्या पेशी तंतूला चहूबाजूंनी बिलगतात, त्याच्यावर जहाल रसायनं सोडतात. काही तर मरता मरता स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा त्याच्यावर फेकतात. शत्रूला अडवायची ही जाळी शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये प्रथम दाखवली. मला आजही त्याचं नवल वाटतं.

न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम एखादा दिवस जगतो. म्हणून हाडांमधला मगज रोज सुमारे 10,000 कोटी नवे घडवतो. किमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं, त्यात कॅन्सरबरोबर हा कारखानाही सापडतो. ‘काउंट पडला’ म्हणतात ते हेच. एका मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल 500 च्या खाली गेले की धोका फार वाढतो, आणि ब्लड कॅन्सरमध्ये ते दोन-तीन आठवडेही तिथेच राहू शकतात. सोबत स्टिरॉइड चालू असेल तर मॅक्रोफेजचीही पचवायची ताकद कमी होते.

शिकाऊ डॉक्टर असताना अशाच एका रुग्णाच्या फुप्फुसाची काचपट्टी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बाभळीच्या काटक्यांसारखे तंतू, फांदीला फांदी फुटत, रक्तवाहिनीची भिंत भेदून पलीकडे गेलेले. आणि आजूबाजूला कुणीच नाही. एकही न्यूट्रोफिल नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा होता. ती मोकळी जागा मी अजून विसरलेले नाही.

आता बुरशीपेक्षाही घाईची गोष्ट. जिवाणूंशी लढणारेही हेच न्यूट्रोफिल. न्यूमोनियाच्या काही जिवाणूंवर बुळबुळीत कवच असतं. तेल चोपडलेल्या पैलवानासारखे ते पकडीतून सुटतात. आखाड्यात अशा वेळी अंगावर तांबडी माती टाकतात, तसं आपलं शरीर जिवाणूवर अँटिबॉडी चिकटवतं. मग पकड बसते. लस शरीराला ही माती आधीच तयार ठेवायला शिकवते; भावाला कोणती आणि केव्हा द्यायची, ते त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. पण माती कितीही टाकली तरी पकडायला पैलवान हवा ना? काउंट पडलेला असताना तोच नसतो. आणि तेव्हा जिवाणू बाहेरूनच येतात असं नाही, कित्येकदा ते स्वतःच्या आतड्यातून रक्तात शिरतात.

त्यात फसगत अशी होते. पू म्हणजे मुख्यतः न्यूट्रोफिलच. बेडक्याचा हिरवट रंगही त्यांच्यातल्याच एका एन्झाइमचा. ते नसतील तर बेडका पिवळा-हिरवा होत नाही, सुरुवातीला एक्स-रेसुद्धा स्वच्छ दिसू शकतो. दिसतो तो फक्त ताप. म्हणून थर्मामीटर उशाशी ठेवा. 100.4 दिसला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, आणि दारातच ‘किमो चालू आहे, ताप आलाय’ हे आधी सांगा. अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हायला हवं. काढ्याने न्यूट्रोफिल तयार होत नाहीत. त्यासाठी इंजेक्शन असतं. ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर आजार बघून ठरवतात.

आईंना सांगा, तुळस अंगणात राहू दे, पूजा त्यांनीच करावी. भावाने फक्त माती उकरायची नाही. आणि कडबा कुट्टीचं यंत्र चालू असेल तेव्हा त्याच्या खोलीच्या खिडक्या लावून घ्या.

प्रश्न : वडिलांचा टीबी 12 वर्षांपूर्वी बरा झाला. आता खोकल्यातून रक्ताच्या रेघा येतात. सीटी स्कॅनमध्ये जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा दिसला. त्यांना ना शुगर, ना किमो. मग पेशी काय करतायत?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पेशी ठीक आहेत, त्यांना तिथे जायला वाट नाही. टीबीचा जंतू मॅक्रोफेज गिळतो, पण कित्येकदा मारू शकत नाही. मग बाकीच्या पेशी त्याच्याभोवती तटबंदी उभी करतात. ती मधून सडून फुटली की पोकळी राहते. पेशी येतात रक्तातून, आणि पोकळीच्या आत रक्त नाही, नुसती हवा आहे. तिथे बुरशी गोळा होऊन बसते. गोळ्या-औषधंही याच कारणाने आतपर्यंत नीट पोचत नाहीत. रक्त येतं ते पोकळीच्या भिंतीतल्या फुगलेल्या वाहिन्यांमधून.

बेडक्याची टीबीसाठी तपासणी पुन्हा करून घ्या. जुना टीबी उलटला तरी रक्त पडतं. आणि छातीच्या तज्ज्ञांना विचारा, वडिलांची फुप्फुसं शस्त्रक्रिया झेपण्याइतकी चांगली आहेत का. नसतील तर रक्ताची वाहिनी आतून बंद करता येते. रेघांऐवजी नुसतं लाल रक्त पडू लागलं तर तेव्हाच दवाखाना गाठा. वाटेत त्यांना उताणं झोपवू नका. गोळा ज्या बाजूला आहे त्या कुशीवर ठेवा, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरणार नाही.