फ्लोअरच्या पत्र्यासाठी पहिलं वेल्डिंग मशीन: आधी टॉर्च बघा

जुन्या जीपचा फ्लोअर गंजून गेलाय, बजेट कमी आहे आणि २०० अँपिअरचं आर्क (रॉडचं) वेल्डिंग मशीन स्वस्तात मिळतंय, घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. मीही याच्यातूनच गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चॅसीचे ब्रॅकेट, बंपर असलं जाड कामच करायचं असेल तर बिनधास्त घ्या. पण फ्लोअरचा पत्रा साधारण १ मिमीचा, त्यावर रॉडने टाका मारायला गेलं की भोक पडतं आणि ते भरायला गेलं की अजून मोठं होतं. माझ्या मते मिगच (रॉडऐवजी रिळावरची बारीक वायर आपोआप पुढे येते ते मशीन) घ्या, आणि मोठ्या आकड्यावर जाऊ नका, खाली ३० अँपिअरच्या आसपास आर्क नीट टिकतो का ते चालवून बघा. मिगला लागणाऱ्या गॅसचा खर्च झेपत नसेल तर फ्लक्स वायरवर (आत पावडर भरलेली, बिनगॅसने चालणारी वायर) सुरुवात होते, पण शिंतोडे फार, आणि बहुतेक फ्लक्स वायरला टॉर्च (हातात धरायची गन, जिच्यातून वायर बाहेर येते) निगेटिव्हला लागतो, तेव्हा पोलॅरिटी (प्लस-मायनस) बदलता येणारंच मशीन हवं.

आता मुख्य गोष्ट, टॉर्च. माझ्या मशीनचा टॉर्च आतून फिक्स होता. वायर मध्येच अडकायची आणि रोलरपाशी गुंता व्हायचा. सर्व्हिस सेंटरवाले आधी म्हणाले वायर खराब, मग म्हणाले तुमच्याकडे व्होल्टेज कमी. अहो, टॉर्चच्या तोंडाची टिप काढून, वायर पुढे ढकलणारा रोलर सैल करून हाताने वायर ओढली तरी त्याच जागी अडकत होती, म्हणजे लायनर (टॉर्चच्या केबलमधली, वायर जाते ती नळी) दबलेला, हे त्यांच्या काउंटरवर करून दाखवलं! तर म्हणे लायनर सुटा मिळत नाही, अख्खा टॉर्च घ्या, आणि टॉर्च स्टॉकमध्ये नाही. फोन केला की "पार्ट मागवलाय" एवढंच. तोवर कापलेल्या फ्लोअरच्या कडांना नव्याने गंज धरला, याचा राग अजून जात नाही. म्हणून सांगतो, दोन फीचर कमी चालतील पण युरो कनेक्टरचा (मशीनवरून काढता-लावता येणारा ठरावीक मापाचा जोड) टॉर्चच घ्या, तो कुठल्याही कंपनीचा बसतो, लायनर आणि टिपाही सुट्या मिळतात.

मी व्यावसायिक वेल्डर नाही, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्टचे जोड जाणकाराकडूनच करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, अर्थचा क्लॅम्प कामाच्या जवळ घासलेल्या पत्र्यावर लावा, आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर जस्त घासून काढा, त्या धुराने ताप येतो.

मॉडेल ठरलं की टॉर्च मशीनला जोडतो तिथला फोटो टाका, बघून सांगतो.