तयार कंपोनंट जोडून बनवलेल्या सिस्टिमची कॉम्प्लेक्सिटी कशी मोजायची?

तुम्ही विचारलंय की बरीचशी सिस्टिम तयार कंपोनंटची आहे, आतला कोड हातात नाही, मग सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी काढून फायदा आहे का. तुमच्या स्वतःच्या कोडपुरता आहे, त्यापुढे नाही. मॅककेबने १९७६ मध्ये दिलेलं ते माप फंक्शनच्या आत स्वतंत्र वाटा किती एवढंच सांगतं, दोन कंपोनंटमधल्या जोडाबद्दल काही सांगत नाही.

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये हे चांगलंच नडलं. एकाही फंक्शनचा आकडा ५ च्या वर नव्हता, रिपोर्ट सगळा हिरवा, आणि पीडीएफ बनवणाऱ्या एका कंपोनंटचं व्हर्जन बदललं तर भलतीच तीन मॉड्यूल बंद पडली, कारण त्या तिघांनाही फॉन्टची तीच लायब्ररी लागत होती पण जुनी.

तेव्हापासून मी आधी डिपेंडन्सी ग्राफ, म्हणजे कोण कोणावर अवलंबून आहे याचा नकाशा, काढतो, डायरेक्ट आणि दुसऱ्या कंपोनंटच्या आडून येणाऱ्या दोन्ही डिपेंडन्सी धरून. पाचपैकी चार कंपोनंट मधल्या एकाशीच बोलत असतील तर जोड ४, सगळे सगळ्यांशी बोलायला लागले की १०, कंपोनंट मात्र तेवढेच. मग प्रत्येकाचं फॅन-इन (किती जण त्याच्यावर अवलंबून) आणि फॅन-आउट (तो किती जणांवर अवलंबून) बघायचं. हेन्री आणि काफुरा यांच्या १९८१ च्या मापात या दोघांच्या गुणाकाराचा वर्ग करून कोडच्या लांबीने गुणतात, लांबी आपल्याला माहीत नसते म्हणून मी ती सोडून देतो. ३ आत २ बाहेर असेल तर ३६, दोन्हीकडे एकेक वाढला की थेट १४४. कंपोनंट केवढा आहे यावर जाऊ नका, २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारावरून काढलं गेलं तर कितीतरी प्रोजेक्टचे बिल्ड फुटले होते.

सगळ्यात जास्त फसवतो तो इंटरफेस. त्या पीडीएफवाल्याची कामाची मेथड एकच, रेंडर, मोजलं तर १, पण तिला जो ऑप्शनचा ऑब्जेक्ट द्यायचा त्यात आम्ही २३ की (म्हणजे सेटिंगची नावं) भरत होतो, शिवाय आधी इनिट ही सुरुवातीची मेथड कॉल केली नाही तर एरर न देता कोरं पान यायचं! त्यामुळे मी मेथड मोजत बसत नाही, आपण खरंच वापरतो ते पॅरामीटर आणि कॉन्फिगच्या की मोजतो, आणि कुठला कॉल कुठल्याच्या आधी लागतो अशा अटी वेगळ्या लिहून ठेवतो.

हे आकडे दुसऱ्याच्या सिस्टिमशी लावू नका, स्वतःच्याच मागच्या रिलीजशी लावा. सुरुवात करायचीच तर लॉक फाइल (प्रत्येक लायब्ररीचं नेमकं कुठलं व्हर्जन बसलंय याची यादी) उघडा आणि एकच लायब्ररी दोन व्हर्जनमध्ये कुठेकुठे आलीय ते आधी शोधा.