भिंत भरायची की मोकळी सोडायची?

प्रश्न: ठाण्यात नवीन टूबीएचके घेतलाय. माझ्याकडे प्रदर्शनांतून जमवलेली बारा-तेरा छोटी पेंटिंग्ज आहेत, बहुतेक वॉटरकलर. इंटिरियरवाला म्हणतो सगळी हॉलच्या एकाच भिंतीवर लावू, फॉल्स सीलिंग, स्पॉटलाइट वगैरे. बायको म्हणते हॉटेलची लॉबी होईल. पण साधं ठेवलं तर आलेल्यागेलेल्याला कळणार कसं की ही ओरिजिनल आहेत?

उत्तर: वहिनींचं ऐका. गडबड तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे.

इंग्लंडात केंब्रिजला केटल्स यार्ड म्हणून एक घर आहे. लंडनच्या टेट गॅलरीत पूर्वी नोकरी केलेले जिम ईड आणि त्यांची बायको हेलन १९५७ पासून तिथे राहायचे, चार मोडकळीला आलेली छोटी घरं जोडून केलेलं. बेन निकल्सन, ब्रांकुशी, मिरो अशा नामवंत आधुनिक कलावंतांची कामं घरात, म्हणजे मिरवायचं असतं तर माल भरपूर होता, पण ईडनी काही चित्रं चक्क खुर्चीत बसल्यावर नीट दिसतील इतकी खाली लावली, एका टेबलावर नुसते गोल दगड चक्राकार मांडले, आणि मिरोच्या चित्रात एक पिवळा ठिपका आहे त्याला जोड म्हणून जवळच ताटलीत एक लिंबू, खरं लिंबू हं! आल्फ्रेड वॉलिस या म्हाताऱ्या कोळ्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर रंगवलेली जहाजंही तिथेच, त्याच मानाने. विद्यार्थ्यांना दुपारी दार उघडं, खोलीवर लावायला चित्रं उसनीसुद्धा मिळायची. १९६६ मधे सगळं युनिव्हर्सिटीला देऊन टाकलं.

तुम्ही तीन-चारच लावा, एखादं सोफ्याच्या शेजारी खाली, बसणारा माणूस आपणहून विचारेल हे कुणाचं म्हणून. बाकीची आत ठेवा, चार महिन्यांनी बदला, जपानी लोक घरातल्या कोनाड्यात ऋतूप्रमाणे एकच चित्र टांगतात तसं. वॉटरकलर असल्याने हे बरंच, सतत उजेडात रंग उडतात. उन्हाची भिंत नको, आणि पावसाळ्यात जिला बाहेरून ओल येते ती तर अजिबात नको, कागदाला बुरशी धरते. फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. चित्र काचेला टेकलेलं असेल तर मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, आणि जुने माउंट पिवळे पडले असतील तर फ्रेमवाल्याला अ‍ॅसिड-फ्री बोर्ड सांगा, फॉल्स सीलिंगचे पैसे वाचलेत त्यातनं.